कोथळवाडीचं हळदीकुंकू

होर्डिंगवर मंजिरीच्या तोंडाला शेण फासलेलं आधी मला दिसलं, मग ड्रायव्हरला. मंजिरी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. मी मनात म्हटलं, पोरी, आणखी थोडा वेळ झोप. पण गाव आलं तशी गाडी हळू झाली आणि ती जागी झालीच.

कोथळवाडीच्या वेशीवर चौरंग मसाल्यांची ती भलीमोठी जाहिरात उभी होती. मंजिरी आणि तिचा नवरा अभिराम, दोघांच्या मध्ये वाफाळलेलं ताट आणि खाली ठळक अक्षरांत ‘सोबतीची चव’. अभिरामचं हसू जसंच्या तसं होतं, एकेक दात मोजून घ्यावा असं. ज्या कुणी शेण फासलं होतं, त्यानं शिडी लावून, वेळ काढून, नेमकं बायकोचंच तोंड निवडलं होतं.

“वाळलंय ते,” मंजिरी म्हणाली. “आजचं नाही, आत्या.”

एवढंच बोलली आणि पदर सारखा करून बसली. ज्या गावात आम्ही निघालो होतो तिथल्या बायका आमची वाट बघत होत्या हे मला ठाऊक होतं, पण कशासाठी वाट बघत होत्या हे ठाऊक नव्हतं.

मंजिरी केळुसकर माझ्या धाकट्या भावाची मुलगी. कुडाळहून कॉलेजसाठी ठाण्याला माझ्याकडे आली आणि नाटकाच्या नादाला लागली. पुढे तिला टीव्हीवर एक मालिका मिळाली. तिच्या शूटिंगच्या तारखा सांभाळायला घरचं माणूस हवं म्हणून मी बँकेतली नोकरी सोडली आणि उतारवयात मॅनेजर झाले. मालिकेतली तिची शालूवहिनी म्हणजे सासूचे पाय चेपणारी, दिराच्या परीक्षेला उपास धरणारी, नवरा टाकून बोलला तरी देवापुढे उभी राहून त्याच्यासाठीच मागणारी बाई. असली बाई मी तरी जन्मात पाहिलेली नाही. पण महाराष्ट्रानं पाहिली आणि डोक्यावर घेतली.

मग चौरंग मसालेवाले आले. त्यांना मालिकेतला नवरा नको होता, खरा हवा होता. खरा नवरा दिसायला मालिकेतल्याहून देखणा निघाला, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली. अभिराम टिपणीसचं ठाण्यात एक कॅफे होतं. जाहिरात लागली आणि बायका त्याच्याबरोबर फोटो काढायला कॅफेत येऊ लागल्या. करार दोघांच्या नावानं झाला होता, जोडीचा. दोघांपैकी कुणाच्याही वागण्यानं जोडीचं नाव खराब झालं तर करार मोडेल, असं एक कलम त्यात होतं. सही करताना त्या कलमावर आम्ही हसलोही होतो.

आणि मग तो व्हिडिओ बाहेर आला. मंजिरीच्या इमारतीच्या पार्किंगमधल्या कॅमेऱ्याचा, आवाज नसलेला. अभिराम गाडीपाशी उभा आहे, मंजिरी चौकटीत येते आणि सणसणीत त्याच्या थोबाडीत देते. बस्स. त्याच्या आधीचं काही नाही, नंतरचं काही नाही. शालूवहिनीनं नवऱ्याला मारलं ही बातमी इतक्या चवीनं चघळली गेली की विचारू नका. कुणी त्यावर गाणं जोडलं, कुणी ‘सोबतीची चव’ असं लिहून फिरवलं. मालिकेतल्या शालूवहिनीला तातडीनं माहेरी पाठवण्यात आलं. कधी परत आणायचं ते लोकांचा राग बघून ठरवू, असं वाहिनीवाल्यांनी कळवलं.

मंजिरी त्या थपडेच्याच दिवशी एक बॅग घेऊन माझ्या दारात आली होती. काय झालं विचारलं, तर म्हणाली भांडण झालं. कशावरून विचारलं, तर म्हणाली असंच. मी गोडीनं विचारलं, रागावून विचारलं, जेवताना विचारलं, केसांना तेल लावताना विचारलं. दर वेळी ती उठून कप विसळायला जायची. तिकडे अभिरामनं मुलाखत दिली. ‘मी तिला माफ केलंय, माझ्या घराचं दार उघडं आहे,’ असं तो ओल्या डोळ्यांनी म्हणाला. त्या दिवशी माझ्या शेजारणीनंसुद्धा डोळे पुसले.

चौरंगवाल्यांनी करार लगेच मोडला नाही, याचं श्रेय गुळवणी नावाच्या माणसाला. कंपनीची जाहिरात तो बघायचा. त्यानं तोड काढली होती. कंपनीचे मालक अप्पासाहेब मगदूम, त्यांच्या कोथळवाडीतल्या कारखान्याच्या आवारात दर संक्रांतीला हळदीकुंकू होतं, आसपासच्या गावांतल्या बायका लोटतात. त्या बायकांसमोर मंजिरीनं आणि अभिरामनं एकत्र उभं राहायचं, मंजिरीनं नवऱ्याचं नाव घेऊन उखाणा म्हणायचा, त्याचं चित्रीकरण सगळीकडे दाखवायचं. अभिराम लगेच तयार झाला. त्याची एकच अट होती, कार्यक्रम झाला की मंजिरीनं त्याच्याच गाडीतून थेट घरी यायचं. ते ऐकून मंजिरी कप विसळायला उठली. मग म्हणाली, “सांग त्यांना, येते.”

म्हणजे त्या संध्याकाळवर सगळंच येऊन ठेपलं होतं. बायकांनी तिला पदरात घेतलं तर करार, मालिका, संसार, सगळं जागेवर. नाही घेतलं तर कुठलंच काही नाही. मी सकाळपासून रामरक्षा म्हणत होते आणि मधेच विसरत होते.

कारखान्यालगतच्या मगदुमांच्या बंगल्यावर आम्हाला माडीवरची खोली दिली होती. मगदूमबाई, सुनंदाकाकी, स्वतः वर आल्या. ठेंगणी, भक्कम बाई, कपाळभर कुंकू. त्यांनी मंजिरीला नीट निरखलं, पोहे खाल्ल्याशिवाय उठू नका म्हणाल्या आणि निघून गेल्या. चेहऱ्यावरून राग की लोभ, काही कळलं नाही. त्यांच्यामागून गुळवणी लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर एक लाल रेघ होती, ती डोंगरावरून धोंडा सुटावा तशी खाली आली होती. ती रेघ म्हणजे आमची मंजिरी, असं त्यानं मला समजावलं.

“पण दुरुस्त होण्यासारखं आहे,” तो म्हणाला. “लोकांना कारण ऐकायचं नसतं, आत्या. त्यांना शेवट गोड हवा असतो. तो आपण देऊ.”

उखाणा त्यानं स्वतःच जुळवला होता, त्यात कंपनीचं नावसुद्धा बसवलं होतं. मंजिरीनं एकदा ऐकला आणि पाठ म्हणून दाखवला. बायका ओरडल्या तर काय, मी विचारलं. गुळवणी म्हणाला, ओरडतीलच थोड्या. दगडबिगड मारले तर? तो हसला, पण नाही म्हणाला नाही. आवाराच्या फाटकाशी महिला होमगार्ड ठेवल्यात, एवढंच म्हणाला.

ठाण्याहून अभिराम आला तेव्हा मंजिरीच्या हातात चहाचा कप होता. जिन्यावर त्याचा आवाज आला आणि तिनं कप खाली ठेवला, अर्धा तसाच. तो आत आला तेव्हा ती उभी होती. नवऱ्याला मान देतेय, मला बरं वाटलं. तो माझ्या पाया पडला, आत्या किती वाळलात म्हणाला, माझ्यासाठी कंदी पेढे आणले होते. असा जावई शोधून सापडायचा नाही, हे मी तोवर शंभर जणांना सांगितलं असेल.

मग त्यानं मंजिरीकडे बघितलं. तिनं संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसली होती, तिला ती फार शोभत होती.

“हिरवी ठरली होती ना?” तो अगदी हळू आवाजात म्हणाला.

“संक्रांत आहे म्हणून,” ती म्हणाली.

तो नुसता हसला. ती आत जाऊन साडी बदलायला लागली. मी मागोमाग गेले, निऱ्यांना पिना लावून द्यायला. तिचे हात माझ्या हातांना लागले तर बर्फ झालेले. खालून लाउडस्पीकरवर बायकांचा गलका ऐकू येत होता, पाणी चढत यावं तसा तो वाढत होता.

“घाबरलीस का गं?” मी विचारलं.

“हो.”

“बायकाच आहेत. खाणार थोड्याच आहेत?”

तिनं माझ्याकडे बघितलं. काही सांगेल असं वाटलं मला. पण खोलीचं दार वाजलं, बाहेरून अभिरामनं “झालं?” म्हणून विचारलं, आणि ती म्हणाली, “पिन दे.”

कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. मिरचीचा खकाणा त्या हवेत कायमचाच मुरलेला, श्वास घेतला की घसा चुरचुरायचा. आणि बायका! जिकडे बघावं तिकडे बायका, सतरंज्यांवर, कट्ट्यावर, ट्रॉलीवर चढून बसलेल्या. मी लग्न न केलेली, त्यामुळे हळदीकुंकवाला माझी जागा जन्मभर कडेला, चपलांच्या ढिगापाशी. मी तिथेच उभी राहिले. त्या बाजूनं सगळं ऐकू येतं.

“हीच का गं ती?” एक जण म्हणाली. “केवढीशी हाय. आन हात टाकला बापय माणसावर.”

“माझा दीर म्हनला, माझी असती तर हिरीत ढकलली असती.”

“आपून आयुष्यभर मार खायाचा आन हिनं द्यायाचा व्हय,” तिसरी म्हणाली आणि त्या सगळ्या हसल्या. ते हसू मला काही बरं वाटलं नाही.

मंचावर खुर्च्या मांडल्या होत्या. सुनंदाकाकी मधोमध, एका अंगाला मंजिरी आणि अभिराम, कडेला गुळवणी आणि त्याचा कॅमेरावाला. मंजिरीचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. आधी सगळं शांत झालं, मग कुठूनतरी ‘हूऽऽ’ असा आवाज निघाला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. मालिकेतली दुष्ट जाऊ आली की बायका टीव्हीसमोर काढतात तसा. मंजिरी माइकपाशी येऊन उभी राहिली. आवाज थांबेना. मागून एक जण ओरडली, “आमालाबी मारतीस का, वैनी?” आणि तेवढ्यात काहीतरी भिरभिरत मंचावर आलं आणि तिच्या पायाशी पडलं.

मला वाटलं आता धोंडे येतील. होमगार्ड बायकाही फाटकावरून पुढे सरकल्या. मंजिरीनं खाली बघितलं. तिळाचा लाडू होता. ती वाकली, तो लाडू उचलला, त्यावरची माती फुंकली आणि तोंडात टाकला. चांगला कडक असावा, कारण माइकवर त्याचा कुडूम आवाज आला.

“तिळगूळ तर घेतला बाई,” चावत चावत ती म्हणाली. “आता गोड बोलायचं तुमच्याकडे लागलं.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी हसलं. लाडू कुणी मारला त्याची चौकशी सुरू झाली, एका म्हातारीला पुढे ढकलण्यात आलं, ती पदर तोंडावर घेऊन लाजली. मंजिरीनं तिला पाक कुठे चुकला ते विचारलं. मग काय, हशावर हशा. लेकीनं माहेरच्या बायकांशी बोलावं तशी ती बोलत राहिली, आणि तो एवढा मोठा मांडव हळूहळू तिच्याकडे झुकत गेला. अभिनय करावा तर माझ्या भाचीनं, मी आजूबाजूला सांगायला लागले.

मग गुळवणीनं खूण केली आणि बायकांतून मागणी आली, नाव घ्या, नाव घ्या. मंजिरीनं पदर डोक्यावरून घेतला, अभिरामकडे एकदा बघितलं, आणि म्हणाली:

“मिरची, धणे, हळदीची चौरंगावर मांडली रास,
अभिरामरावांच्या सोबतीनं घराला येतो सुवास.”

मांडव दणाणला. शिट्ट्यासुद्धा झाल्या, बायकांनी मारलेल्या. गुळवणीच्या तोंडावरून ओसंडून वाहणारा आनंद मला तेवढ्या लांबून दिसला, त्याची लाल रेघ बहुतेक डोंगर चढायला लागली होती. मी मटकन खाली बसले, कुणाच्या तरी चपलांवरच. देवा, तारलंस, म्हटलं. आता तिला तिच्या घरी पोचवली की मी मोकळी.

पुढचं कुणाच्या ठरवण्यात होतं ते मला नंतर कळलं. गुळवणीला शेवटी एक फोटो हवा होता, नवरा बायकोच्या केसांत गजरा माळताना. मंजिरीला आधी सांगितलं तर चेहरा खरा येणार नाही, म्हणून त्यानं आणि अभिरामनं ते तिच्यापासून लपवलं होतं. मंजिरी माइकपाशी उभी राहून बायकांना हात जोडत होती. अभिराम मागून आला. हसत हसत, बायकांना गप्प राहण्याची खूण करत. त्याच्या हातात गजरा होता. त्यानं तो हात तिच्या डोक्याकडे उचलला. मंजिरीला तो डोळ्याच्या कडेनं दिसला असावा.

ती खाली बसली. बसली म्हणजे कोसळली नाही, चक्कर आली नाही. एका क्षणात अंगाचं मुटकुळं केलं, एक कोपर डोक्यावर, दुसरा तळहात कानावर, मान खांद्यांत ओढून घेतलेली. इतक्या चटकन, इतक्या सराईतपणे, की बघणाऱ्याला कळावं, हे अंग हे नेहमी करतं. माइक तिच्या धक्क्यानं खाली पडला. त्यातून आधी धाडकन आवाज आला, आणि मग तिचा, अगदी बारीक:

“चुकलं. चुकलं माझं.”

मघाशी हसणाऱ्या त्या तिघीजणी माझ्या शेजारी होत्या. त्यांच्यातली एक नकळत स्वतःचा दंड दाबून धरून उभी होती. मी चपलांच्या ढिगात बसलेली, आणि मला एकदम अर्धा चहा, हिरवी साडी, विसळलेले कप, सगळं दिसलं. पार्किंगमध्ये तिनं ती थप्पड मारली होती त्याच्या आधी काय झालं असेल, ते विचारायची मला आता गरज नव्हती.

मंजिरी लगेच उठली. अभिनेत्री ती, चेहऱ्यावर हसू आणलं, केस मागे सारले, “दचकले” म्हणाली. ते हसू कुणी घेतलं नाही. अभिरामनं माइक उचलला.

“बघा, गजऱ्याला घाबरते ही,” तो म्हणाला, आणि हशाची वाट बघत थांबला.

कुणी हसलं नाही. एवढ्या बायका, आणि सगळ्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. तो पुन्हा हसला, मग हसू अर्धवट राहिलं. सुनंदाकाकी खुर्चीतून उठल्या. त्यांना घाई नव्हती. त्यांनी अभिरामच्या हातातला गजरा काढून घेतला, ताटात ठेवला.

“पावणं, तुमी खाली उतरा,” त्या म्हणाल्या. “हितनं पुढं बायकांचं हाय.”

“काकी, अजून फोटो—” गुळवणी म्हणाला.

“तुमीबी उतरा.”

दोघं उतरले. काकींनी करंडा उघडला, मंजिरीला हळद लावली, कुंकू लावलं, तिची ओटी भरली. मग मांडवातली पहिली बाई उठली. तिच्यामागे दुसरी. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण बघता बघता रांग झाली आणि ती फाटकापर्यंत गेली. हळदीकुंकू तसं सगळ्यांनाच लावायचं असतं, त्यात नवीन काही नाही. पण या बायका एकेकीला लागेल त्याच्या तिप्पट वेळ लावत होत्या. कुंकू लावायचं, पुसायचं, नीट पुन्हा लावायचं. एक जण फक्त तिचा दंड चाचपून गेली. एका वाळकुड्या बाईनं तिच्या कानाशी लागून विचारलं, असं मंजिरीनं मला पुढे कधीतरी सांगितलं:

“पितो का?”

मंजिरीनं मान हलवली. नाही.

“शुद्धीवर मारतो? मग लई वाईट,” ती म्हणाली आणि पुढे सरकली.

अभिराम फाटकापाशी त्याच्या गाडीला टेकून उभा होता. दिवे लागले तरी रांग संपली नव्हती. कशी संपणार, पुढे जाऊन आलेल्या बायका पुन्हा मागे उभ्या राहत होत्या. शेवटी तो आत आला. मंजिरी, उशीर होतोय, त्यानं हाक मारली. तीच हळू आवाजातली हाक. मंजिरी खुर्चीत अर्धी उठली. रांगेतल्या बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. वळूनसुद्धा बघितलं नाही कुणी. त्याला मंचाकडे जायला वाट नव्हती.

मग तो माझ्याकडे आला. “आत्या, तुम्ही तरी सांगा तिला,” म्हणाला.

मी उठले. माणसांच्या तोंडावर बोलायची सवय मला होती, बँकेत भल्याभल्यांना सुनावलेलं.

“अभिराम, ती माझ्याबरोबर येईल,” मी म्हटलं. आवाज मात्र इतका चिरका आला की तो माझा आहे असं वाटेना.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी तो चेहरा हसण्याशिवाय पहिल्यांदाच बघत होते. तो एक पाऊल जवळ आला आणि मी मागे सरले, चपलांत अडखळले. पुढे काय होईल ते मला कळेना, एवढंच कळत होतं की हा माणूस आत्ता मारू शकतो, आणि हे त्यालाही ठाऊक आहे, आणि मी घाबरलेय हे बघून त्याला बरं वाटतंय. त्या घरात माझी पोर रोज जेवत होती, झोपत होती.

“करार जाईल तिचा,” तो म्हणाला. “मालिका जाईल. रस्त्यावर याल दोघी. कळतंय का?”

“कळतंय,” मी म्हटलं.

तो मागे वळला तेव्हा त्याच्यामागे बायका उभ्या होत्या. काही केलं नाही त्यांनी, हातात वाणाचे स्टीलचे डबे धरून नुसत्या उभ्या होत्या. त्यानं वाट मागितली तेव्हा दिली, गाडीपर्यंतची. गाडी गेल्यावरसुद्धा बराच वेळ मला वाटत होतं, ती परत येईल.

आम्ही निघालो तेव्हा काकी गाडीपाशी आल्या. कंपनी काय करंल ते माझ्या हातात न्हाई, म्हणाल्या, आणि ओट्यांचं भलंमोठं गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं. ड्रायव्हरला त्यांनी दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला सांगितलं. ते होर्डिंग टाळण्यासाठी की अभिरामची गाडी, ते मी विचारलं नाही. मंजिरीचं कपाळ भुवयांपासून केसांपर्यंत पिवळंलाल झालं होतं. मी सारखी मागच्या काचेतून दिवे बघत होते. एखादी गाडी फार वेळ मागे राहिली की मी ड्रायव्हरला जोरात घे म्हणायचे. मग ती पुढे निघून जायची, आणि त्यात कुठलीशी देवदर्शनाची मंडळी असायची.

सांगली ओलांडली आणि गुळवणीचा फोन आला. मीच घेतला. तो मनापासून हळहळत होता, माणूस वाईट नव्हता. गजऱ्याचा तो प्रकार कुणाच्या तरी मोबाइलमधून एव्हाना सगळीकडे गेला होता. लोक मंजिरीच्या बाजूनं बोलायला लागले होते, म्हणाला. मग करार राहिला ना, मी विचारलं.

“आत्या, मारणारी वहिनी आम्हाला दुरुस्त करता आली असती,” तो म्हणाला. “ही नाही येणार. दुकानात पाकीट बघून बाईला स्वतःची भीती आठवली, तर ती पाकीट उचलेल का? तुम्हीच सांगा.”

त्यांनी दोघांनाही काढलं. पुढे चौरंगच्या पाकिटावर बैलजोडीचं चित्र आलं. इतकी वर्षं झाली, अजून तेच आहे. चित्रातले बैल काही कुणाला मारत नाहीत आणि कुणाला घाबरतही नाहीत, त्यामुळे कंपनीचं बरं चाललंय.

फोन ठेवला आणि मी मंजिरीला सांगायला शब्द शोधू लागले. तिनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलंच असावं. करार गेला, मी म्हटलं. मालिकेचंही आता कठीण आहे. ती हं म्हणाली. बाहेर बघायला लागली. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागून एक, सावकाश.

“आत्या,” मग ती म्हणाली, “मघाशी मी जे केलं... ते सगळ्यांना दिसलं का?”

मला वाटलं खोटं बोलावं. इतका वेळ झालेल्या भीतीनं माझ्यात खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

“दिसलं,” मी म्हटलं. “शेवटच्या बाईपर्यंत दिसलं.”

तिनं मान डोलावली. तिचे हात मांडीवर होते, ते इतका वेळ मुठी वळून होते, आता सैल झाले.

“मग आता कुणाला सांगायला नको,” ती म्हणाली.